हिरवा पडलेला हाली रुपया

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शेताची खोल नांगरट करताना, पडक्या वाड्याचा पाया उकरताना किंवा जुन्या गावठाणाची माती खतासाठी वाहून नेताना जी नाणी हाती लागतात, त्यांतील बरीचशी पाहताक्षणी तांब्याची म्हणून बाजूला टाकली जातात, कारण त्यांच्यावर हिरवट-निळसर थर घट्ट बसलेला असतो आणि हिरवे ते तांबे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी काही नाणी चांदीची, बहुधा निजामाच्या राज्यातील हाली रुपये किंवा त्यांच्या अधेल्या-पावल्या असतात. उलट पांढऱ्या थरामुळे मौल्यवान वाटणारी काही नाणी शिशाची निघतात. नाण्याचा रंग आणि नाण्याचा धातू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकसाळीने धातूत काय मिसळले, नाणे कोणत्या मातीत किंवा पाण्यात राहिले आणि लोकांनी ते कसे साठवले, वापरले व धुतले, या तिन्हींच्या संयोगातून रंग ठरतो. म्हणून विचित्र रंगाच्या नाण्याचे कारण शोधणे हे रसायनशास्त्राचे काम असले, तरी त्याची अर्धीअधिक उत्तरे या प्रदेशाच्या इतिहासात दडलेली आहेत.

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा संस्थानचा एक जिल्हा होता, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. हिंदुस्थानातील बहुतेक संस्थानांनी स्वतःची चांदीची नाणी हळूहळू बंद केली असताना हैदराबादने मात्र आपले चलन अखेरपर्यंत राखले आणि त्यामुळे मराठवाड्याच्या बाजारपेठांत दोन रुपये शेजारी शेजारी चालत राहिले. त्यांतील एक निजामाचा हाली सिक्का, म्हणजे चालू चलनाचा रुपया, आणि दुसरा ब्रिटिश सरकारचा कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला रुपया. पुढे हैदराबादची नाणीही यंत्रावर पाडली जाऊ लागली, तरी कलदार हे नाव ब्रिटिश रुपयालाच चिकटून राहिले. दोहोंचा विनिमय सात हालींना सहा कलदार या प्रमाणात होत असे आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात, खरेदीखतांत व सावकारी वह्यांत रकमेपुढे हाली की कलदार हे आवर्जून नमूद केलेले आढळते. १९०३-०४ च्या सुमारास हाली रुपयावर चारमिनार आला आणि त्याच्या मधल्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर कोरले जाऊ लागले. मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील नाण्यांवर तेथे ऐन हे अक्षर दिसते. भारतीय रुपया १९५० पासून हालीबरोबर चालू लागला, १९५१ नंतर हाली नाणी काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ती चलनातून कायमची बाद झाली.

सात-सहा या भावाचे मूळ धातूत आहे, आणि रंगाचे मूळही तेथेच आहे. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यातील चांदी शेकडा ८१.८ इतकी होती. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा व बारा भागांपैकी अकरा भाग चांदीचा, म्हणजे शेकडा सुमारे ९१.७ चांदीचा होता. दोहोंतील उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि बाकीच्या निम्म्यात चाळीस टक्के तांबे व प्रत्येकी पाच टक्के निकेल आणि जस्त घातले. १९४७-४८ च्या धामधुमीत, रझाकारांच्या भीतीने अनेक कुटुंबे गाव सोडून वऱ्हाड व सोलापूरच्या सरहद्दीकडे गेली, तेव्हा जवळचा पैसा चुलीखाली, भिंतीतल्या बळदात, म्हणजे धान्य साठवण्याच्या बंदिस्त कोनाड्यात, किंवा परसात पुरून ठेवण्याची जुनी रीत पुन्हा कामी आली असणे साहजिक आहे. अशा एकाच गाडग्यात हे तिन्ही प्रकारचे रुपये एकत्र राहिले, तर काही दशकांनंतर ते तीन वेगळ्या रंगांचे होऊन निघतात: जुना कलदार करडा-काळा, हाली हिरव्या डागांचा, आणि युद्धकाळातील कलदार बहुधा सर्वांत जास्त हिरवट व मळकट.

याचे कारण समजून घेण्यासाठी चांदी-तांब्याच्या मिश्रधातूची रचना पाहावी लागते. वितळलेल्या अवस्थेत हे दोन धातू पूर्णपणे एकजीव होतात, पण थंड होताना त्यांचे पटत नाही. घट्ट झालेल्या चांदीत तांबे फार तर नऊ टक्क्यांच्या आत सामावते आणि बाकीचे तांबे चांदीच्या कणांमध्ये वेगळ्या सूक्ष्म कणांच्या रूपाने साचून राहते. हालीत अठरा टक्क्यांवर तांबे असल्याने असे कण त्यात विपुल असतात. ओलसर व क्षारयुक्त मातीत दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांतला हलका, म्हणजे सहज झिजणारा धातू आधी विरघळतो आणि दुसऱ्याचे रक्षण होते. येथे तांबे विरघळते, त्याचे क्षार पृष्ठभागाकडे सरकतात आणि हवेतील व मातीतील कर्बवायूशी संयोग पावून हिरव्या कार्बोनेटच्या रूपाने नाण्यावर जमतात. त्या हिरव्या थराखाली चांदी जवळजवळ शाबूत असते, मात्र आतून तांबे निघून गेल्यामुळे ती सच्छिद्र झालेली असते. असे नाणे दगडावर वाजवले असता खणखणत नाही, बद्द वाजते, आणि हातातून पडल्यास त्याचा तुकडा उडू शकतो. त्यामुळे बद्द वाजले म्हणून ते खोटे ठरवण्याची घाई करू नये.

मातीचा विचार करताना मराठवाड्यातील खेड्यांत रूढ असलेली काळी आणि पांढरी ही विभागणी फार उपयोगी पडते. काळी म्हणजे लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, विशेषतः शतकानुशतके घरे पडून व पुन्हा बांधली जाऊन तयार झालेले गावठाणाचे टेकाड. काळी जमीन बसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. ती किंचित अल्कधर्मी असते, तिच्यात चुनखडीचे खडे सर्वत्र सापडतात, आणि उन्हाळ्यात तिला हात-दोन हात खोल भेगा पडून पावसाळ्यात त्या पुन्हा मिटतात. या उघडमिटीमुळे वरची वस्तू खाली आणि खालची वर सरकत राहते; म्हणून काळीत सापडलेल्या एकट्यादुकट्या नाण्याच्या खोलीवरून त्याच्या काळाविषयी काही ठरवणे धोक्याचे असते. रंगाच्या दृष्टीने मात्र काळी तुलनेने दयाळू आहे. तिच्यातील चुन्यामुळे नाण्यावर पांढुरका, खरखरीत कवच चढते आणि तांब्यावर जो हिरवा थर तयार होतो तो घट्ट, गुळगुळीत व टिकाऊ असतो. पांढरीची गोष्ट वेगळी आहे. राख, शेण, जनावरांचे व माणसांचे मूत्र, अन्नातले मीठ, पडलेल्या भिंतींची माती हे सगळे तिच्यात मुरलेले असते, त्यामुळे तिच्यात नायट्रेट आणि क्लोराइड या दोन्ही प्रकारचे क्षार भरपूर असतात. हीच माती उत्तम खत म्हणून शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेत आले आणि त्या निमित्ताने दख्खनची अनेक प्राचीन टेकाडे पोखरली गेली. पांढरीतून निघालेल्या तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा रंग काळीतल्या नाण्याइतका विश्वासार्ह नसतो, कारण त्याखाली क्लोराइड दबा धरून बसलेले असते.

जुन्या मातीने धातूचा रंग बदलतो, हे या प्रदेशातील कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकांआधी माहीत होते. उदगीरच्या आग्नेयेला, आजच्या कर्नाटकात असलेल्या बिदर येथे बिदरी काम करणारे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर चांदीची तार व पत्रा ठोकून नक्षी भरतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामाखालची माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून तिचा लेप भांड्याला लावतात. त्या मातीत सोऱ्याचे प्रमाण असते. तिच्यामुळे जस्ताचा पृष्ठभाग गडद काळा होतो आणि चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते. एकच लेप एका धातूवर चढतो आणि शेजारच्या धातूला शिवत नाही, ही निवड नेमकी तीच आहे जी जमिनीत पुरलेल्या मिश्रधातूच्या नाण्यावर मनुष्याचा हात न लागता घडते; फरक एवढाच की कारागिराला जो परिणाम काही क्षणांत हवा असतो, त्याला जमीन शतके घेते. बहमनी राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बिदरला आली आणि उदगीर, औसा, कंधार ही ठाणी पुढे त्याच सत्तेच्या व तिच्या वारसदारांच्या आधिपत्याखाली होती, हे लक्षात घेता या भागात बहमनी तांब्याची नाणी मिळणे स्वाभाविकच आहे.

त्याहून कितीतरी आधीची नाणी लातूरच्या पश्चिमेस तेरणा नदीच्या काठी असलेल्या तेर येथे मिळतात. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले हे गाव म्हणजे पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर नगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून मिळालेल्या वस्तूंचा मोठा संग्रह गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिद्दीने उभा केला आणि तो आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. सातवाहनांनी चांदीची नाणी थोडी काढली. त्यांचे दैनंदिन व्यवहार तांबे, शिसे आणि पोटीन यांच्या नाण्यांवर चालत. पोटीन म्हणजे तांब्यात कथील व शिसे बरेच घालून केलेला स्वस्त, ठिसूळ मिश्रधातू. आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेला दीड हजारांहून अधिक नाण्यांचा प्रसिद्ध साठा याच धातूचा होता आणि त्याच्या वाचनातून वा. वि. मिराशी यांनी सातवाहन राजांच्या यादीत भर घातली. पोटीनचे नाणे हिरवेगार होण्याऐवजी अनेकदा करडे-काळे व गुळगुळीत होते, कारण त्यातील कथलाचे ऑक्साइड पृष्ठभागावर राहून एक प्रकारचे संरक्षक कवच बनवते. हत्तीची सोंड, उज्जैन चिन्हाची चार वर्तुळे आणि काठाची अक्षरे त्या कवचातच टिकून असतात. कवच गेले की अक्षर गेले.

शिशाच्या नाण्याचा शत्रू जमिनीपेक्षा कपाटात अधिक असतो. शिसे मातीत मंद पांढुरक्या थराने झाकले जाते आणि तेथे ते पुष्कळ काळ स्वस्थ राहू शकते, पण लाकडातून, प्लायवूडच्या चिकटद्रव्यातून किंवा हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफा बंद खणात साचल्या की त्याचे भराभर सफेद्यात, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या कार्बोनेटमध्ये, रूपांतर होऊ लागते. खणात नाण्याच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली तर ती बुरशी समजून पुसून टाकू नये. तो नाण्याचाच अंश असतो आणि तो विषारीही असतो.

तांब्याच्या नाण्यांत या भागात बहमनी फुलूस, मराठेशाहीतील शिवराई आणि हैदराबादचे डब, म्हणजे दोन पैचे नाणे, यांचा भरणा मोठा आहे. शिवराई शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून ओळखली जात असली, तरी तिच्या उत्तरकालीन आवृत्त्या अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत विस्तृत प्रदेशात चालत होत्या, आणि अठराव्या शतकात हिंदुस्थानातील नाण्यांसाठी लागणाऱ्या तांब्याचा काही भाग डच व्यापाऱ्यांमार्फत जपानातून येत असे. शुद्ध तांब्यावर जे थर चढतात त्यांना ठराविक क्रम असतो. धातूला लागून तांबडा क्युप्राइट, म्हणजे तांब्याचा लाल ऑक्साइड, त्यावर हिरवा मॅलॅकाइट आणि क्वचित निळा अ‍ॅझुराइट. आगीत सापडलेल्या नाण्यावर, मग आग घराला लागलेली असो वा चितेची असो, काळा ऑक्साइड येतो आणि तो सबंध पृष्ठभागावर एकसारखा पसरलेला असतो. हे सर्व थर स्थिर आहेत. ज्या हिरव्याची चिंता करावी तो निराळा असतो: फिकट, पोपटी, भुसभुशीत ठिपक्यांच्या रूपाने उमटणारा, नखाने सहज निघणारा आणि खाली खड्डा सोडणारा. त्याला ब्राँझचा रोग म्हणतात. क्लोराइड तांब्याशी संयोग पावून धातूच्या पृष्ठाशी एक मेणचट क्षार बनवते, त्याला ओलावा व प्राणवायू मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि चक्र पुन्हा सुरू होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या आत असेल तर ही क्रिया जवळजवळ थांबलेली असते. म्हणूनच पांढरीतून काढलेले नाणे लातूरच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत निरोगी दिसते आणि मृग नक्षत्र लागल्यावर अचानक त्यावर पोपटी पुरळ उठते. संग्राहक याचे खापर बहुधा नाणे विकणाऱ्यावर फोडतात. दोष हवेचा असतो आणि बीज गावठाणातील मिठाचे असते.

नांदेडच्या गोदावरीतून निघणारी नाणी मातीतल्या नाण्यांहून वेगळी ओळखू येतात. नदीत पैसा सोडण्याची यात्रेकरूंची प्रथा जुनी आहे, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाळू चाळून नाणी शोधणारेही जुने आहेत. झारेकरी, म्हणजे सराफकट्ट्यावरची माती व गटारातील गाळ धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारे लोक, हेच कौशल्य नदीकाठीही वापरतात. वाहत्या पाण्यातील वाळूने घासलेले नाणे तपकिरी, गुळगुळीत आणि अक्षरे पुसट झालेले असते. जेथे पाणी तुंबते आणि तळाच्या गाळात हवा पोचत नाही, तेथे गंधकावर जगणारे सूक्ष्म जीव हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्या गाळात पडलेले तांबे व चांदी दोन्ही काळे ठिक्कर पडतात. सांडपाणी मिसळलेल्या डोहात हे अधिक लवकर घडते. अशा काळ्या नाण्यावर मातीतला हिरवा रंग अजिबात नसेल, तर ते साठ्यातले नसून पाण्यातले आहे, असा कयास करता येतो.

आतापर्यंतचे रंग माणसाच्या अनुपस्थितीत घडलेले होते. घरात जपलेल्या नाण्यांचे रंग अधिक चमत्कारिक असतात, आणि येथे निदान करणाऱ्याला रसायनाइतकीच घराची माहिती लागते. चांदी हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळी पडते हे सर्वांना ठाऊक आहे, पण काळी पडण्याआधी ती सोनेरी, मग तांबूस, मग जांभळी व निळी होते, कारण सल्फाइडचा थर अतिशय पातळ असताना प्रकाशकिरण त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीनुसार रंग बदलतो. हाली रुपयावर चारमिनाराच्या कमानींच्या खळग्यांत निळसर काळा आणि मिनारांच्या उठावावर पांढरा स्वच्छ धातू दिसत असेल, तर ते नाणे बराच काळ हाताळले गेले असे समजावे. सपाट भागात मध्यापासून काठाकडे सोनेरी ते निळा असा क्रमाने बदलणारा रंग असेल, तर ते हात न लागता एका जागी पडून होते. फक्त काठावर काळे कडे असेल तर नाणी थप्पी लावून ठेवलेली होती. एका बाजूला काळे आणि दुसऱ्या बाजूला उजळ असेल तर एक बाजू कापडाला, कागदाला किंवा रबराला टेकलेली होती. स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागे बायकांनी जमवलेला पैसा लवकर काळा पडतो, कारण लसूण, कांदा आणि हिंग यांच्या वासातच गंधकाची संयुगे असतात, आणि त्यात रॉकेलच्या दिव्याच्या धुराची भर पडते.

देवघरातील नाण्यांना हळदीचा रंग लागतो. लक्ष्मीपूजनाच्या वेळी पुजलेले रुपये, तसेच लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्यात माखलेले नाणे, यांवर पिवळा किंवा विटकरी डाग दिसतो आणि तो पाण्याने जात नाही, त्यामुळे तो धातूचा दोष वाटतो. हळदीतील रंगद्रव्य पाण्यात विरघळत नसले तरी स्पिरिटमध्ये विरघळते, आणि चुना, सोडा किंवा साबण यांसारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्काने ते लालसर होते. कुंकू करण्याची पारंपरिक पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस डागावर टेकवला आणि तो पिवळा झाला, की निदान पूर्ण झाले. दोन्ही जिल्ह्यांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या पोशाखावर व गळ्यातील दागिन्यांत पावल्या-अधेल्या शिवण्याची व ओवण्याची पद्धत आहे. अशा नाण्यांत भोकाभोवती किंवा कडीच्या बुडाशी हिरवे वर्तुळ असते, ते घामातील मीठ आणि डाग देताना वापरलेल्या हलक्या, तांबे-जस्त अधिक असलेल्या धातूचे असते. कडी तोडून आणि भोक बुजवून विकलेले नाणे अनेकदा या वर्तुळामुळेच ओळखू येते. पुतळ्या, म्हणजे सोन्याची नाणी, यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सोने काळवंडत नाही, त्यावर आलेला तांबूस डाग त्यातील तांब्या-चांदीचा किंवा सोनाराने चढवलेल्या गेरूचा असतो.

नाण्याच्या रंगाची पारख हा एकेकाळी स्वतंत्र पेशा होता. मराठेशाहीत व निजामाच्या मुलखात सरकारी वसुलीतील नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे आणि त्याच्या निर्णयावर बट्टा, म्हणजे हलक्या, झिजलेल्या किंवा परमुलखातील नाण्यावर आकारली जाणारी सूट, अवलंबून असे. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेगवेगळ्या टाकसाळींचे, वेगवेगळ्या कसाचे रुपये चालत होते. पहिले सालारजंग दिवाण असताना चलनाचे एकसूत्रीकरण होऊन हाली रुपया स्थिर झाला. तोवर सराफाला डोळ्यांवर आणि कानांवर विसंबून राहावे लागे, आणि डोळा फसवू शकतो याचीही त्याला जाणीव होती. टाकसाळीत चकत्या पाडल्यावर त्या आम्लात उकळून पांढऱ्या केल्या जात. त्यामुळे पृष्ठभागावरचे तांबे निघून जाऊन हलक्या कसाचे नाणेही वरून उत्तम चांदीचे दिसे. कसोटीच्या दगडावर अशा नाण्याचा पहिला कस खोटाच उठतो. यासाठी सराफ काठावर किंवा मध्ये छोटा टवका मारून आतला धातू पाहत. जुन्या रुपयांवर दिसणारे हे ठसे आज संग्राहकांना विद्रूप वाटत असले, तरी रंगाचे कारण शोधणाऱ्यासाठी ते खिडकीचे काम करतात: टवक्याच्या तळाशी लाल तांबे दिसले तर नाणे मुलाम्याचे, तेथेही राखाडी-पांढरा धातू असेल तर नाणे खरे.

सर्वांत फसवा रंग मात्र गुलाबी आहे, आणि तो जवळजवळ नेहमी साफसफाईने येतो. चिंच, लिंबू, ताक, राख किंवा बाजारात मिळणारी भांडी घासण्याची पावडर यांनी तांब्याचे नाणे घासले की वरचा हिरवा व तपकिरी थर निघून आतला खरबरीत, सालमनासारखा गुलाबी धातू उघडा पडतो आणि काही आठवड्यांत तो ठिपक्याठिपक्यांनी पुन्हा काळवंडतो. चांदीचे नाणे गुलाबी झाले असेल तर कारण बरेचदा सोनाराच्या दुकानातील असते. आम्लाच्या भांड्यात आधीच्या वस्तूंमधून विरघळलेले तांबे असते. त्यात लोखंडी चिमटा बुडाला की लोखंड विरघळू लागते आणि द्रावणातील तांबे चांदीवर पातळ थर बनून चिकटते. म्हणून जाणते कारागीर अशा भांड्यात तांब्याचा किंवा लाकडी चिमटा वापरतात. उजळ पण निर्जीव, खडूसारखी पांढरी हाली नाणी जी बाजारात दिसतात, ती याच धुलाईची. त्यांच्या पृष्ठावर आता तांबे उरलेलेच नसते आणि त्यांचा कस पाहण्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राखाली धरले तर यंत्रही वरवरच्या चांदीमुळे प्रमाण जास्त दाखवते.

धुतल्याने जे जाते ते केवळ सौंदर्य नसते. तांब्याचे क्षार सूक्ष्म जीवांना मारक असतात, त्यामुळे साठा ज्या थैलीत बांधला होता तिचे धागे हिरव्या थरात अडकून शतकानुशतके टिकतात, कधी धागा नष्ट होऊन त्याची वीण तेवढी खनिजाच्या रूपात उरते. नाण्याच्या पाठीवरची ती वीण कापसाची की तागाची, बारीक की जाडीभरडी, हे त्या काळाच्या विणकामाचे आणि साठा करणाऱ्याच्या ऐपतीचे पुरावे आहेत. एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचा गोळा कोणत्या क्रमाने रचला होता, वरची नाणी कोणती व तळाची कोणती, यावरून साठा एकदम पुरला की वर्षानुवर्षे भर पडत गेली हे कळते. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले, तेव्हापासून या मुलखातील अनेक साठे नोंदले गेले, पण वाचनाची सोय म्हणून धुतलेल्या नाण्यांबरोबर ही माहिती वाहून गेली; त्या काळाच्या समजुतीप्रमाणे थर म्हणजे मळच होता आणि त्याबद्दल त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. आज मात्र ती सबब उरलेली नाही.

ज्याच्या हाती असे नाणे येईल त्याने ते घासू नये, तेल लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत ओले ठेवू नये. भोवतालच्या चिमूटभर मातीसह कोरड्या कागदात गुंडाळावे आणि सापडल्याची जागा, खोली व सोबतच्या वस्तू लिहून ठेवाव्यात. पोपटी भुकटी दिसल्यास नाणे इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवावे आणि संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाकडे न्यावे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि एका चांदीच्या हाली रुपयाची आजची किंमत त्या मर्यादेच्या कितीतरी पट आहे.